शिबिर, फोटो आणि ती पांढरी डबी

पत्र

ताई, मी एस.वाय.बी.ए.ला आहे, सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. पहिल्या वर्षापासून एनएसएसमध्ये, म्हणजे कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेत आहे. यंदाचं शिबिर दत्तक गावात झालं. ओढ्यावर वनराई बंधारा घातला. गोण्या कुणी भरायच्या, साखळीत कोण कुठं उभं राहणार, सगळं सरांनी माझ्यावर सोपवलं होतं. समारोपाला पाहुणे आले. फोटोवाला मला म्हणाला, "तू जरा मागं हो, त्या दोघींना पुढं येऊ दे." त्या दोघी गोऱ्या आहेत. बंधाऱ्यावर त्या रोज दुपारनंतर उगवायच्या. पेपरात फोटो आला, त्यात माझा फक्त खांदा आहे. मला इतकं रडू आलं की माझी मलाच लाज वाटली. सेवा करायला गेले होते ना मी?

घरी आल्यावर आई म्हणाली, "केवढी काळवंडलीस, उद्या स्थळं बघायचीत." मावशीनं तिच्या पार्लरवालीकडून एक पांढरं क्रीम आणून दिलंय. डबीवर नाव नाही. पण खरं सांगते, थोड्याच दिवसांत फरक पडलाय.

पाहुण्यांपैकी एका पक्षाचे तालुक्याचे पदाधिकारी म्हणाले, कामाची पोरगी आहे, आमच्या युवती आघाडीत ये, पद देतो. फक्त पुढच्या मेळाव्याला एनएसएसची पन्नास पोरं-पोरी टी-शर्टवर घेऊन ये. बाबा म्हणतात राजकारणाच्या नादी लागायचं नाही. मला मात्र वाटतं, पद असलं तर मला कुणी मागं ढकलणार नाही. आणि डीपीला मी स्वतःच फिल्टर लावते, मग दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं बोलू? एनएसएस सोडू का?

(नाव छापू नये.)

उत्तर

बाकीचं नंतर बोलू. आधी ती डबी.

आजपासून ते क्रीम बंद. डबी फेकून मात्र देऊ नकोस, डॉक्टरांना दाखवायला लागेल. थोड्याच दिवसांत फरक पडला असं तू लिहितेस, आणि मला धास्ती नेमकी त्याचीच वाटते. दुकानातल्या साध्या क्रीमनं इतक्या झटपट काही होत नाही. बिननावाच्या डबीतलं क्रीम भराभर रंग उजळवत असेल, तर त्यात बहुतेक वेळा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन नाहीतर पारा असतो. कधी दोन-दोन एकत्र. स्टेरॉइडनं सुरुवातीला चेहरा तुकतुकीत दिसतो. मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसायला लागतात, पुरळ उठतं, गालावर लव वाढते. थांबवलं की चेहरा असा काही पेटतो की घाबरून माणूस पुन्हा तीच डबी उघडतो. तुझंही तसं झालं तर घाबरू नकोस, पण डबीही उघडू नकोस; त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. 2018 मध्ये सरकारनं अशी बरीच स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली ती याच कारणानं. तरी पार्लरमधून ती फिरतच असतात.

पारा त्याहून वाईट. त्वचेत रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच तो अडवतो, म्हणून उजळ दिसतं. पण तो तिथं थांबत नाही, कातडीतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंड धरतो. काही वर्षांपूर्वी अकोल्यात एकाच घरातल्या तिघीजणींची मूत्रपिंडं बिघडली. त्यातली एक तुझ्याच वयाची, कॉलेजात शिकणारी. बाकीच्या तिची आई आणि बहीण. तिघी एकच क्रीम लावत होत्या, ओळखीच्या ब्युटीशियनकडून आणलेलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा त्या क्रीममध्ये भरमसाट पारा निघाला. हे मी तुला भेडसवायला सांगत नाही. सकाळी पापण्या सुजतात का, पायावर सूज येते का, लघवीला फेस येतो का, एवढं पाहा. यातलं काही नसलं तरी लघवीची आणि रक्ताची साधी तपासणी करून घे. सातारच्या सरकारी रुग्णालयात गेलीस तर खर्चाचाही प्रश्न येणार नाही. नियमातल्या क्रीमच्या वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, उत्पादन परवान्याचा क्रमांक, बॅच नंबर आणि तारीख असावीच लागते. तुझ्या डबीवर यातलं काहीच नाही, म्हणजे ती विकणंच बेकायदा आहे. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय जिल्ह्याच्या ठिकाणी असतं, तिथं तक्रार देता येते. मावशीला आधी सांग, कारण मला वाटतं ती स्वतःही तेच लावत असणार. तिच्यावर चिडू नकोस. तिनं तिच्या परीनं माया केली आहे.

आता रडण्याचं. सेवेला गेलेल्या मुलीनं फोटोसाठी रडू नये, हे तुला कुणी सांगितलं? काम तू उभं केलंस आणि कामाच्या फोटोतून तुला काढलं. ते अंगाला लागणारच. तिथं कारण तुझ्या हातचं काही असतं, उशिरा आलीस, काम टाळलंस, तर गोष्ट वेगळी. कारण होतं कातडीचा रंग. याचं वाईट वाटण्याला मी दिखाऊपणा म्हणणार नाही. आपल्याकडे अशा वेळी लगेच कुणीतरी "आपला विठ्ठलसुद्धा सावळाच की" म्हणून समजूत काढतं. पंढरीला सावळं रूप डोळे भरून बघणारी माणसंच घरी परत येऊन मुलासाठी "गोरी, निदान निमगोरी" शोधतात, त्यामुळे त्या समजुतीवर माझा फारसा विश्वास नाही.

तुझं आत्मविश्वास वगैरे वाढवणारं काही मी लिहिणार नाही. तसं साहित्य उदंड आहे आणि त्यातलं निम्मं क्रीमच विकतं. मला तुला दुसरीच हकिगत सांगायची आहे. गोरेपणाचं ते सगळ्यांना ठाऊक असलेलं क्रीम, फेअर अँड लव्हली, 1975 मध्ये बाजारात आलं. त्याच्या जाहिराती तू लहानपणी पाहिल्या असतील: सावळी मुलगी, तोंड पाडून बसलेली, नोकरी नाही, लग्न नाही, मग ट्यूब येते आणि मुलगी विमानात नाहीतर टीव्हीवर. एकीत तर बाप हळहळतो, मुलगा असता तर बरं झालं असतं. त्या जाहिराती आपोआप थांबल्या नाहीत, आणि आरशासमोर उभं राहून "मी सुंदर आहे" म्हणणाऱ्यांमुळेही नाही. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेनं तक्रारी लावून धरल्या, कंपनीकडे दाद मिळेना तेव्हा मानवी हक्क आयोगाकडे आणि सरकारकडे गेल्या, आणि 2003 मध्ये त्यातल्या काही जाहिराती उतरवाव्या लागल्या. 2009 मध्ये चेन्नईतून 'डार्क इज ब्यूटिफुल' ही मोहीम सुरू झाली, पुढे अभिनेत्री नंदिता दास तिचा चेहरा झाल्या. 2014 मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वतःच्याच परिषदेनं, म्हणजे एएससीआयनं, नियम केला की सावळं माणूस दुःखी, दुबळं, कमी दर्जाचं दाखवायचं नाही. 2020 च्या जून-जुलैत, जगभर वर्णद्वेषाविरुद्ध माणसं रस्त्यावर आली होती तेव्हा, त्या क्रीमच्या नावातून 'फेअर' गेलं आणि एका मोठ्या लग्न जुळवणाऱ्या संकेतस्थळावरून रंगानुसार चाळणी लावायची सोय गेली.

आता म्हणशील, नाव बदललं, क्रीम तेच. खरं आहे. मराठी मालिकेतही सावळ्या मुलीचं दुःख दाखवायला गोऱ्याच अभिनेत्रीला रंग फासून उभं केलेलं आपण पाहिलं. तरी जेवढं हललं ते कुणीतरी सतत अर्ज केले, बैठका घेतल्या, पाठपुरावा केला म्हणून हललं. याला राजकारणच म्हणतात. बाबांना ज्याची भीती वाटते ते फ्लेक्सवरचं राजकारण वेगळं, पण हेही तेच खातं.

फोटोचंही तसंच आहे. मी बरीच वर्षं जिल्हा पानावर काम केलं आहे, तेव्हा पेपरातला तो फोटो कसा येतो ते तुला सांगते. शिबिर संपलं की कॉलेजातून एक मजकूर येतो, आता व्हॉट्सअ‍ॅपवर, पूर्वी हाती लिहून. पहिल्या ओळीत महाविद्यालयाचं लांबलचक नाव. मग अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख पाहुणे कोण, व्यासपीठावर कोण, सूत्रसंचालन, आभार. शेवटी एक ओळ: "शिबिर यशस्वी करण्यासाठी स्वयंसेवकांनी परिश्रम घेतले." बंधारा किती लांबीचा, किती गोण्या लागल्या, पाणी किती अडलं, कुणाच्या विहिरीला फायदा होईल, यातलं काही नसतं. सोबत चार फोटो, चारही हारतुऱ्यांचे नाहीतर हातात स्वच्छ कोरी घमेली घेतलेल्या मुलींचे. उपसंपादकापुढं रात्री असे पंधरा मजकूर पडलेले असतात. तो त्यातल्या त्यात ठसठशीत फोटो उचलतो. त्या फोटोवाल्याचा दोष आहेच, पण त्याला तुझं काम सांगणारा कागद कुणीच दिला नव्हता.

तो कागद पुढच्या वेळी तू लिही. सरांना आजच सांगून ठेव की बातमी मी करते. ते आनंदानं देतील, हे काम कुणालाच नको असतं. पहिल्या ओळीत ओढा आणि गाव. दुसरीत आकडे. मग गावातल्या एखाद्या शेतकऱ्याचं म्हणणं, त्याच्या भाषेत. पाहुणे खाली. फोटो काम चालू असताना काढ, सगळ्यांची तोंडं मातीनं भरलेली असताना, समारोपाची वाट न बघता. त्यात तू असशील आणि त्या दोघीही असोत. त्यांच्यावर राग धरू नकोस. त्यांना "पुढं या" म्हटलं गेलं, कामाला कुणी पुढं बोलावलं नाही. त्यांचीही किंमत कुणी फार वरची लावली असं मला वाटत नाही.

तुला एनएसएस सोडायचं आहे? सोडू नकोस. पण त्याच्याकडून काय मिळतं आणि काय मिळत नाही हे ओळखून राहा. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 ला, 37 विद्यापीठांत ही योजना सुरू झाली. दोन वर्षांत 240 तास आणि एक सात दिवसांचं शिबिर, असा तिचा साचा. अनेक मुलं दहा गुणांसाठी येतात हे तुलाही माहीत आहे. साचा वाईट नाही, फक्त तो सात दिवसांचा आहे आणि गावाचं दुखणं बारमाही. तुमचा वनराई बंधाराच घे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून पावसाळ्यानंतरचं वाहतं पाणी अडवायचं, त्यावर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत जनावरांचं आणि थोड्या भाजीपाल्याचं भागतं. पुढच्या पावसात तो वाहून जातो. जाण्यासाठीच असतो, दरवर्षी नव्यानं घालायचा. मग दरवर्षी कोण घालणार? तुमची पुढची बॅच आली तर ठीक. नाहीतर त्या जागी पक्का सिमेंट बंधारा हवा, आणि तो श्रमदानातून होत नाही. त्याला ठराव लागतो, आराखड्यात नाव लागतं, निधी लागतो. म्हणजे ग्रामपंचायत.

गाडगेबाबा दिवसा खराट्यानं गाव झाडायचे हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. रात्री तेच गाव कीर्तनाला बसवून ते लोकांना भंडावून सोडत, कर्ज का काढता, पोरांना शाळेत का घालत नाही, देवापुढं बकरं का कापता. झाडून थकून झोपी गेले असते तर आज त्यांचं नाव निघालं नसतं. तुमच्या शिबिरातली बौद्धिकं बहुधा दुपारी जेवणानंतर होतात आणि निम्मी मुलं पेंगतात, ते वेगळं.

म्हणून पदापेक्षा आधी ग्रामसभेत जा. दत्तक गावाच्या नाही, तिथं तू मतदार नाहीस, स्वतःच्या गावाच्या. तालुक्याच्या गावी नगरपंचायत असेल तर वॉर्डातल्या नगरसेवकापासून सुरुवात कर, पण तुझं मूळ गाव जवळ असेल आणि नाव तिथल्या यादीत असेल तर उत्तमच. महाराष्ट्रात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या तारखा बहुतेक गावांत ठरलेल्या. त्याआधी बायकांची वेगळी ग्रामसभा घ्यायची असते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल ती पुरते. पुष्कळ गावांत एवढीही माणसं जमत नाहीत. मग शिपाई रजिस्टर काखोटीला मारून घरोघर सह्या गोळा करत फिरतो आणि न झालेली महिला ग्रामसभा कागदावर झालेली असते. तुझ्या आईनं दारात उभ्या उभ्या, पदराला हात पुसत अशी सही केलेली असण्याची बरीच शक्यता आहे. विचार तिला. पुढच्या वेळी दोघी मिळून जा, एकच विषय घेऊन जा आणि तो इतिवृत्तात लिहून घेतला का ते रजिस्टरमध्ये बघून मगच उठा. नाही लिहिला तर माहिती अधिकार आहेच: अर्ज, 10 रुपये, 30 दिवस. 2011 पासून आपल्या ग्रामपंचायतींत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. वयाची 21 पुरी झाली की तूही उभी राहू शकतेस. मतदार यादीत नाव नसेल तर नमुना 6 आजच भर. आता वर्षातून चार वेळा नावं घेतात, जानेवारीची वाट बघावी लागत नाही.

डीपीचं म्हणशील तर फिल्टर ठेव नाहीतर काढ. आजकालचे फोन न सांगताच कातडी घोटून देतात. त्यावरून कुणाच्या बोलण्याचा अधिकार जात नाही, आणि मला यावर अधिक लिहावंसं वाटत नाही.

स्थळांचं आईशी बोलायला हवं, पण रंगावरून वाद घालू नकोस, त्यात तू हरशील. तिच्यामागे तिच्या आईचं, सासूचं सगळं बोलणं उभं आहे. पदवी पूर्ण झाल्याशिवाय बघायचंच नाही, एवढ्यावर अडून बस. त्यात बाबा तुझ्या बाजूनं येतील असा माझा अंदाज आहे.

आता ते पद. तुझ्याच ओळीपाशी मी थांबले: "पद असलं तर मला कुणी मागं ढकलणार नाही." बाळ, पद देणाऱ्यांनी तुला अजून पुढं घेतलेलंच नाही. त्यांनी पन्नास टी-शर्ट मागितलेत. तू कामाची आहेस हे त्यांनी बरोबर ओळखलं, आणि पहिलं काम गर्दी आणायचं दिलं. तुझ्या पिढीचा यात दोषही नाही. आपल्याकडे कॉलेजांतल्या थेट निवडणुका मारामाऱ्या आणि खुनापर्यंत गेल्यामुळे नव्वदच्या दशकात बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आल्या, 2019 मध्ये होणार होणार म्हणून विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर लांबल्या. त्यामुळे कॉलेजात स्वतःच्या मागणीसाठी मत मागायचं, हरायचं, पुन्हा उभं राहायचं, हे शिकायची जागाच तुम्हाला मिळाली नाही. राजकारण तुमच्यापर्यंत येतं ते मेळाव्याच्या गाडीतून.

पक्षात जाणं वाईट, असं मी म्हणणार नाही. पुढं एखाद्या पक्षात जावंसं वाटलं तर जरूर जा, त्यांची भूमिका वाचून, आणि तुझ्या तालुक्यातल्या त्यांच्या बायकांना गाठून. त्यांना एवढंच विचार की बैठकीत निर्णय होतो तेव्हा तुम्ही खोलीत असता का. उत्तर द्यायला त्या किती वेळ घेतात यावरून तुला बरंच कळेल. पण एनएसएसच्या टी-शर्टवर कुठल्याही पक्षाच्या मेळाव्याला जायचं नाही, एकटीनं नाही आणि पन्नास जणांना घेऊन तर नाहीच. तो गणवेश सरकारच्या योजनेचा आणि विद्यापीठाचा आहे. मतदार जागृतीच्या फेरीला तो चालतो, पक्षाच्या मांडवात चालत नाही. आणि ज्या मुलींच्या आईवडिलांनी तुझ्या भरवशावर त्यांना शिबिराला पाठवलं, त्यांना तू कुठं नेऊन बसवणार आहेस याचा जाब तुलाच द्यावा लागेल.

त्या साहेबांना नाही म्हणताना भाषण करू नकोस. "साहेब, टी-शर्ट कॉलेजचा आहे, तो मेळाव्याला नाही चालत. पण आमच्या दत्तक गावच्या ओढ्याला पक्का बंधारा हवाय, त्याचा अर्ज घेऊन मी कधी येऊ?" एवढंच विचार, आणि तारीख मिळाली तर लिहून घे. त्याआधी सरांच्या कानावर घाल. तू नाही म्हटल्यावर पहिला फोन त्यांनाच जाणार आहे.